मशीन बंद असलं की मी ठणठणीत

निरोप पोचवणं हा माझा धंदा. जन्मभर दुसऱ्यांचंच बोलणं वाहिलं. आज मात्र माझं स्वतःचं बोलणार आहे, आणि कोणीतरी ते ऐकावं म्हणून अक्षरशः हात जोडले असते; पण मला हात नाहीत. मी कारखान्यातली एक केबल आहे. करंगळीहून बारीक, वरून राखाडी कातडी, आत तांब्याच्या तारांच्या जोड्या एकमेकींना पीळ घालून बसलेल्या. हा पीळ उगाच नसतो. बाहेरचा गोंगाट आमच्या निरोपात शिरू नये म्हणून तो जन्मतःच आम्हाला घालतात.

लाकडी रिळावर गुंडाळून मी या कारखान्यात आले, ती ताईच्या हाती पडले. केबल टाकायचं काम तिचं. सगळा कारखाना तिला ताईच म्हणायचा, कारण तिचा धाकटा भाऊ तिथेच पत्रा दाबायच्या प्रेसवर होता आणि आल्यागेल्यासमोर 'ताई, ताई' करायचा. भाऊ ताडमाड उंच. म्हणून लोकांनी त्याचं नाव ठेवलं टिल्लू.

ताईने मला कधी हिसका देऊन ओढलं नाही. वळणावर मोडू नये म्हणून मोठं, गोल वळण दिलं. बांधायला करकचून आवळणारे प्लास्टिकचे टाय नाही वापरले, मऊ पट्टी वापरली. आणि मुख्य म्हणजे, मोटारींच्या जाडजूड केबली ज्या ट्रेमधून जात होत्या तिथे मला टाकलं नाही. छताखालून माझ्यासाठी वेगळा ट्रे लावून घेतला.

टिल्लू खालून शिडी धरून उभा होता. म्हणाला, "अगं, त्या ट्रेमध्ये माणूस झोपेल एवढी जागा आहे. टाक की तिथेच. जेवायला चल."

"शेजार बघून घर घ्यावं," ताई वरून म्हणाली. "त्या मोटारींच्या केबलींचा कल्ला हिला सोसायचा नाही. आणि तुला घाई कसली रे? तुझा हात हिच्या भरवशावर आहे."

ते खरंच होतं. टिल्लूच्या प्रेसच्या तोंडाशी न दिसणाऱ्या किरणांचं एक कुंपण होतं. हात आत गेला की किरण तुटायचा, आणि मी धावत जाऊन प्रेस चालवणाऱ्या पॅनलला सांगायचे, 'हात आत आहे.' पॅनल प्रेस जागच्या जागी थांबवायचा. एरवी माझी अखंड जपमाळ चालायची, 'हात नाही, हात नाही, हात नाही.' आणि मी मध्येच गप्प झाले तरी पॅनल प्रेस थांबवायचा. कळत नसेल तर थांब, अशी त्याला शिकवण होती. फार शहाणी शिकवण होती ती.

ते दिवस सुखाचे होते. टिल्लू गाणी म्हणत पत्रे सरकवायचा, सूर बेताचाच होता, आणि मी त्याचा हात सांभाळायचे.

मग भट्टीवर धूर ओढायला मोठा ब्लोअर बसला. बसवणारी माणसं बाहेरची. त्यांना ब्लोअरच्या मोटारीची केबल न्यायची होती. वर बघितलं तर माझा ट्रे रिकामाच दिसला. "जागा आहे ना? टाका," एवढंच ते बोलले. धुराच्या नळकांड्याच्या पलीकडे, जिथे खालूनच काय, शिडीवरूनही कोणाची नजर पोचत नाही, तिथे एक काळी, मनगटाएवढी केबल त्यांनी माझ्या अंगावर टाकली आणि मला तिच्याशी करकचून बांधून टाकलं.

ब्लोअर सुरू झाला आणि माझं आयुष्य संपलं. ती शेजारीण वाईट नव्हे. तिचं काम तिने करावं. पण तिच्यातून मोटारीचा जोर वाहायला लागला की माझ्या अंगात असा कल्लोळ शिरतो की माझं बोलणं मलाच ऐकू येत नाही. 'हात नाही' म्हणायला जावं तर वाटेतच शब्दाच्या चिंध्या होतात. पॅनलला काही कळेना. शिकवणीप्रमाणे तो प्रेस थांबवायचा. चालू करावा, पुन्हा थांबायचा. असून अडचण, नसून खोळंबा, अशी माझी गत झाली.

सुपरवायझरने ताईला बोलावलं. आणि इथेच माझ्या दुर्दैवाचा खरा फेरा सुरू झाला. कारखान्याचा नियम असा, की ट्रेपाशी शिडी लावायची तर आधी अख्खी लाइन बंद. नियम चांगलाच आहे, त्याने माणसं वाचतात. लाइन बंद झाली की ब्लोअरही बंद. ब्लोअर बंद झाला की मी ठणठणीत! ताई वर चढून मला चाचपायची, मग खाली माझ्या दोन्ही टोकांना तिचं तपासणीचं यंत्र लावायची आणि त्यावर हिरवा दिवा लागायचा.

मी ओरडून सांगत होते, 'आत्ता नको, मगाशी बघायला हवं होतंस!' पण मला फक्त विचारलेल्याचं उत्तर देता येतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

ताईने माझी दोन्ही टोकं कापून नवे प्लग बसवले. दुसऱ्या खेपेला पॅनलमधलं, माझे निरोप वाचणारं कार्ड बदललं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. ती खाली उतरायची, लाइन सुरू व्हायची, आणि तिने हत्यारांची पिशवी खांद्याला लावायच्या आत प्रेस पुन्हा थांबायचा. लोक हसायला लागले. "ताई आल्या रे! आता दोन वेळा थांबणार," असं कोणीतरी मोठ्याने म्हणायचं. ताई मान खाली घालून जायची.

टिल्लूला ते बघवेना. एक दिवस तोच सुपरवायझरला घेऊन पॅनलपाशी आला.

"साहेब, ही थांबायची भानगडच काढून टाका ना."

"म्हणजे?"

"म्हणजे केबलकडून काही कळलं नाही तर आधीचं खरं धरायचं. थोडा वेळ वाट बघायची. इतक्यात कुठे हात जातोय माझा?"

सुपरवायझर जरा घुटमळला. "तुझ्या बहिणीला विचारलंस का?"

"तिला नका सांगू. तिला सारखं बोलावता आणि लोक दात काढतात. माझी बहीण आहे ती, साहेब. मी जपून काम करीन."

मालाची घाई सुपरवायझरलाही होतीच. त्याने पॅनलची शिकवण बदलली. माझ्या एका टोकाशी उभे राहून त्या दोघांनी हे केलं, आणि मी ऐकत राहिले. मी काय करू शकत होते? मला तुटताही येत नव्हतं. तुटले असते तर थोडी वाट बघून पॅनलने प्रेस थांबवलाच असता, आणि तो वाचला असता.

प्रेस थांबायचा बंद झाला. ताई मुद्दाम बघायला आली. शेवटच्या खेपेला तिने पुन्हा नवे प्लग बसवले होते. माझ्या प्लगवर बोट टेकवून म्हणाली, "बघ, शेवटी प्लगच खराब होते. झालं की नाही?"

"झालं, ताई," टिल्लू म्हणाला. "तू हात लावलास की होणारच."

ती हसली. किती तरी दिवसांनी हसली. मला तिचं ते हसणं सहन झालं नाही.

त्यानंतर रोज मी एकच गोष्ट करत होते. शब्द फाटला की पुन्हा पाठवायचा, फाटला की पुन्हा. रोज त्याचा हात आत जायचा आणि रोज मी कसंबसं पोचवायचे. रोज वाटायचं, आजचा दिवस निभावला.

मग एका दुपारी पत्र्याचा तुकडा आत अडकला. टिल्लूने तो काढायला हात घातला. किरण तुटला. मी निघाले, 'हात आत आहे, हात आत आहे', जीव तोडून सांगत निघाले. आणि त्याच वेळी पलीकडे ब्लोअरने जोर धरला. माझे शब्द नळकांड्याच्या पलीकडेच फाटले. पॅनलला काहीच कळलं नाही. त्याने आधीचं खरं धरलं. हात नाही.

त्याची किंकाळी सगळ्यांनी ऐकली. मी मात्र अजून 'हात आत आहे' हाच निरोप पुन्हापुन्हा पाठवत होते.

त्याचा उजवा हात मनगटापासून गेला.

पुढे किती तरी दिवसांनी ताई कारखान्यात आली. दवाखान्यात टिल्लूने तिला सगळं सांगितलं होतं. ताईने शिडी मागितली नाही. प्रेस बंदच होता, अख्खी लाइनही थांबवलेली होती. तिने खाली उभं राहूनच माझ्या दोन्ही टोकांना यंत्र लावलं. हिरवा दिवा लागला.

ती त्या दिव्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "प्रेस राहू द्या बंद. बाकीचं सगळं चालू करा. त्या दिवशी जे जे चालू होतं ते."

भट्टी चालू झाली. दिवा हिरवा. सरकता पट्टा चालू झाला. हिरवा. ब्लोअर चालू झाला, आणि हिरवा दिवा जाऊन लाल लागला.

अखेर माझं म्हणणं तिला कळलं. आणि ते कळायला शिडी लागलीच नव्हती! खाली उभं राहून, ब्लोअर चालू ठेवून, हे पहिल्याच दिवशी विचारता आलं असतं. पण केबल तपासायची म्हणजे आधी वर चढायचं, वर चढायचं म्हणजे सगळं बंद करायचं, ही सवय इतकी हाडीमाशी खिळलेली की कोणालाच सुचलं नाही. तिलाही नाही. ती तिथेच जमिनीवर बसली आणि तिने यंत्र पोटाशी धरलं. कोणी हसलं नाही.

मला ट्रेमधून काढलं. आता तिथे नवी केबल आहे, एकटी, मोकळी. मी स्टोअरमध्ये एका खिळ्याला वेटोळं होऊन टांगलेली आहे. मला आता काहीच दुखत नाही, आणि त्याचा काडीचाही उपयोग नाही.

तुम्ही हे वाचणारे कोणीही असा, माझी एवढीच विनवणी आहे. एखादं कोणी पुन्हापुन्हा अडखळत असेल, तर सगळं शांत करून मग त्याला 'बरा आहेस ना?' असं विचारू नका. बंद कारखान्यात प्रत्येक केबल निरोगी असते. कल्लोळ चालू असताना विचारा. आणि कोणी थांबत असेल तर त्याला थांबू द्या.

स्टोअरमध्ये आता टिल्लू बसतो. हत्यारं देतो, घेतो. गाणं म्हणत नाही. परवा ताई सामान न्यायला आली तेव्हा माझं वेटोळं सुटून खाली लोंबत होतं. टिल्लूने मला काढलं, गुडघ्यात धरलं आणि पट्टीचं एक टोक दातात पकडून डाव्या हाताने बांधायला लागला.

"दे इकडे," ताई म्हणाली. "मी बांधते."

"राहू दे, ताई," तो म्हणाला. "जमतं मला."