रंगारीचे बटण

मित्रांनो, मी एक जुने पोस्टर आहे, पण माझ्या पाठीला खळ कधी लागली नाही आणि कोपऱ्यांना टाचण्याही नाहीत. मी राहतो इंटरनेटवर. कोणी लिंक उघडली की मला जाग येते. कोण आले असेल, पहिले बोट कुठे ठेवेल, याची मला भारी उत्सुकता असते.

शाळेच्या संगणकखोलीत दोन मुलांनी मला घडवले. विषय होता मधमाशी. चित्रे काढणारीला सगळे रंगारी म्हणत. तिला जन्मापासून ऐकू येत नसे. ती ओठ वाचायची आणि हातांच्या खुणांनी बोलायची. तिचा जोडीदार बडबड्या, त्याच्या तोंडाला विश्रांती ठाऊक नव्हती. रंगारीने पोळे आणि पंख असे काही रेखाटले की माझी मलाच दृष्ट लागायची. बडबड्याने प्रत्येक चित्रावर एकेक बटण बसवले आणि सारी माहिती आपल्या आवाजात भरली. लिहिले मात्र एक अक्षरही नाही.

"लिहायचं कशाला? दाबलं की ऐकू येतंच!" तो म्हणाला.

बाईंनी शाबासकी दिली. मीही फुशारलो.

मग रंगारीने एक बटण दाबले. दुसरे दाबले. तिसरे दाबताना स्पीकरवर तळहात ठेवला. हाताला नुसती थरथर लागली, अर्थ काही कळेना. तिने माझ्याच कोऱ्या जागेत टाइप केले : 'उद्या प्रदर्शनाला आई येणार. तिलाही ऐकू येत नाही. आम्हा दोघींसाठी यात काय आहे?'

बडबड्याने ते वाचून कीबोर्ड पुढे ओढला. मला तर मेल्याहून मेल्यासारखे झाले. तो बसला आणि त्याने प्रत्येक बटणाखाली सगळे लिहून काढले. रंगारीनेही शेवटी आपले एक बटण जोडले.

दुसऱ्या दिवशी तिची आई एकेक ओळ वाचत, मान डोलावत पुढे सरकली. मग वर्गाने ते शेवटचे बटण दाबले. पडद्यावर रंगारीचे हात हलू लागले. आवाज नाही.

"आवाज वाढव रे!"

"बिघडलंय वाटतं."

पुन्हा दाबले, पुन्हा तेच. रंगारी हाताची घडी घालून मजा बघत होती. शेवटी बडबड्या तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "काय म्हणतेस यात? सांग ना."

ती याच प्रश्नाची वाट बघत होती. तिने हातांनी शिकवले आणि बघता बघता साऱ्या वर्गाचे हात तीच खूण करू लागले. तिची आई डोळे पुसत हसली. अर्थ मात्र मोठ्याने कोणी उच्चारलाच नाही.

त्याला आता बरीच वर्षे झाली. माझी लिंक क्वचितच कोणी उघडते. मित्रांनो, पोस्टर कराल तेव्हा ज्याला ऐकू येत नाही, ज्याला दिसत नाही, त्याला शेजारी बसवून करा. आणि मी कधी सापडलोच, तर शेवटचे बटण जरूर दाबा. आवाज आला नाही म्हणून मला बिघडलेला समजू नका. खुणांची भाषा जाणणाऱ्या कोणाला तरी विचारा आणि मलाही सांगा. इतकी वर्षे ती खूण माझ्या अंगावर आहे, पण ती काय म्हणते ते मला अजून कळलेले नाही.