सत्तेचाळीस नंबरचा दगड

कुशाबानं धोतराच्या सोग्यानं दगडावरचा खडूचा आकडा पुसला. सत्तेचाळीस होता. पुसून तो दोन पावलं मागं सरला आणि आपण मघापासून म्हैस शोधतोय असा चेहरा केला. म्हैस गोठ्यात होती.

मुळशीत दगडावर आकडा पडला की मागून धरण येतं, रस्ता येतो, गेलाबाजार बंगल्यांची जाहिरात तरी येते. नुसता आकडा आजवर कधी आला नव्हता.

"आजोबा, परत पुसलंत?"

स्वरदा बांध उतरून आली. पुण्याच्या कॉलेजातली पोरगी. पाठीला सॅक, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग.

"वारं लई हाय," कुशाबा म्हणाला. झाडाचं पान हलत नव्हतं.

तिनं परत सत्तेचाळीस लिहिलं.

"रस्ता कुटनं जातोय, तेवडं सांग."

"रस्ता नाही हो. मसाल्यातलं दगडफूल असतं ना, त्याच्या नात्यातलंच हे. फक्त हे सुटत नाही, खपलीसारखं दगडाला धरून बसतं. या एका घराण्यातल्या किती जाती कुठे कुठे आहेत, त्याचा नकाशा करतेय."

कुशाबानं मान हलवली. मोजणीवाल्यांच्या तोंडून त्यानं जन्मभर नाना थापा ऐकल्या होत्या. इतकी बिनफायद्याची थाप मात्र कुणी मारली नव्हती. त्याचा संशय पक्का झाला.

तिनं बाटलीतला एक थेंब राखाडी खपलीवर सोडला. खपली पिवळी झाली, मग हळूहळू लाल.

"लाल झालं की एक जात, पिवळंच राहिलं की दुसरी. ताम्हिणीला सहा सापडल्या, पौडला तीन, माणला एक. पुण्याला खेटलेल्या बावधनला एकही नाही. धूळ सोसत नाही त्यांना."

"आन मान्सं ऱ्हात्यात की तितं. भाडं भरून."

तेवढ्यात काठी टेकत आबा आला. आबा कुशाबाचा चुलतभाऊ, बांधापलीकडच्या रानाचा मालक. येत्या सोमवारी दोघांच्या मधे तारेचं कुंपण पडणार होतं, आणि मोजणीची कटकट नको, हा आज्याच्या हातचा दगड म्हणेल ती हद्द, असं दोघांत ठरलं होतं.

"काय म्हनतोय दगूड?" आबानं विचारलं.

"गंमतच आहे." स्वरदा खुरप्यानं दगडाच्या बुडाची माती काढत होती. "ही खपली मातीत वाढत नाही, उजेड लागतो. आणि इथे तर जमिनीखाली जुनी, मेलेली खपली आहे. तळहाताएवढी. वरची जिवंत आहे ती मात्र नखाएवढी, फार तर तीस वर्षांची. म्हणजे तीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी हा दगड उपटून उलटा पुरलाय."

कुशाबाच्या कपाळावर घाम आला. तीस वर्षांपूर्वी सगळं गाव जत्रेला गेलं असताना, भर दुपारी, त्यानंच हा दगड उपटला होता आणि एक पाऊल आबाच्या रानात सरकवला होता. त्या दिवसापासून त्यानं दगडाकडं कधी धड पाहिलंसुद्धा नव्हतं. त्याच्या रानातल्या जांभळीच्या झाडापासून मूळची एकवीस पावलं, सरकवल्यावर बावीस. आता ही पोरगी ते भिंगातून वाचणार.

मग त्याचा घाम जागच्या जागी थांबला.

उलटा?

त्यानं तर सरळ पुरला होता. डोकं वर ठेवून, माती चेपून, वर शेणसुद्धा टाकून.

त्यानं डोळ्याच्या कोपऱ्यातून आबाकडं पाहिलं. आबा काठीची मूठ निरखत होता. त्याच्या पुढच्या वर्षीच्या जत्रेला आबा पोटात कळ आली म्हणून घरी राहिला होता. कुशाबानंच त्याला प्रसादाचे रेवडी-बत्तासे आणून दिले होते. आबानं ते दुखऱ्या पोटानं सगळे खाल्ले होते.

"उलटाच पुरला आसंल आज्यानं," आबा म्हणाला.

"व्हय, व्हय," कुशाबा घाईनं म्हणाला. "आजा तसाच हुता. समदं उलटं."

"पण तीसच वर्षं..."

"तुजं भिंग बारकं हाय, बाय," आबा म्हणाला.

स्वरदानं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. वहीत काहीतरी लिहिलं आणि ती अठ्ठेचाळिसाव्या दगडाकडं गेली. आबाही काठी टेकत बांधापलीकडं दिसेनासा झाला.

कुशाबानं चारी दिशांना नजर टाकली. जांभळीच्या बुंध्याला टाच लावली आणि चालायला लागला. पाऊल तीस वर्षांपूर्वीएवढं पडावं म्हणून गुडघा दुखला तरी त्यानं ते आखडू दिलं नाही. आबाची मजल बावीसवरून कुठवर गेली असेल? वीस? की एकोणीस?

दगडाला पायाचा अंगठा लागला तेव्हा तो एकवीसवर होता.

तो परत जांभळीपाशी गेला. परत मोजलं. एकवीस. ना कमी, ना जास्त.

"किती भरली?"

आबा बांधापलीकडच्या करवंदीच्या जाळीआडून उठत होता.

"मोजतंय कोन? पाय मोकळं करतुया."

"एकवीसच भरत्यात," आबा म्हणाला. "मी बी दर जत्रंच्या दुपारी करतू पाय मोकळं."

कुशाबानं खाली पाहिलं. धोतराच्या सोग्याला अजून खडू लागलेला होता. तो झटकत, आबाकडं न बघता, तो म्हणाला, "सोमवारी लवकर ये. च्या हिकडंच घे."