नूरी चरायला निघते

हातातला दोर सर्रकन सुटला आणि फारुखच्या तळव्याची साल घेऊन गेला. मागून आलेला ट्रॅक्टर शेजारी येतो न येतो तोच नूरी शेपटी वर करून चौखूर उधळली, आणि कालव्याकडे वळायचं सोडून थेट रावजींच्या द्राक्षबागेत घुसली.

"थांब! अगं थांब म्हणतो ना, सटवे!"

आठवडाभर हेच चाललं होतं. सकाळी घोडीला खुंट्यावरून सोडायचं आणि कालव्याच्या कडेला हिरव्या पट्ट्यावर चरायला न्यायचं, काम ते एवढंसं. पण वाटेत मागून सायकल येवो, शेळी येवो, नाहीतर भारा घेतलेली एखादी बाई, नूरीच्या अंगात वारं शिरायचं. आणि ही कोण, तर वरातीची घोडी! डीजेच्या भिंतीसमोर नवरदेवाला पाठीवर घेऊन ठुमकणारी. ती आता शेळीला घाबरणार? फारुखचा काही विश्वास बसेना. लग्नं संपली, खुराक चालू, अंगाला काम नाही. माज आलाय नुसता, असं त्याचं ठाम मत झालं होतं.

रावजी बांधावर उभे होते. हातात वेलाची मोडलेली कोवळी काडी.

"फारुखभाई, छाटणीनंतरची फूट हाय ही. रोज रोज तुडवल्यावर कसं व्हायचं? तुमच्याकडं बघून गप बसलो, आता नाय जमायचं."

"नाय येणार पुन्हा. आजच येवल्याच्या घोडेबाजाराला धाडतो तिला."

"तसं नव्हतं म्हणायचं मला..."

पण फारुखने तिथेच टेम्पोवाल्याला फोन लावला होता.

घोडी सापडली तीही बागेच्या पार दुसऱ्या टोकाला. घरी येईपर्यंत तो तिला बोलत राहिला. तिची जात काढली, तिने खाल्लेला हरभरा काढला, ती शिंगरू असताना तिच्याजवळ झोपलेल्या स्वतःचीही अक्कल काढली. नूरी मान खाली घालून चालत होती, जणू हे सगळं दुसऱ्याच कुणाला चाललंय. त्याने तो आणखीच चिडला.

टेम्पोचं कळल्यावर त्याची बायको खुर्शीदा हातातलं काम टाकून उठली. बादली आणि फडकं घेऊन ती अंगणात आली. नूरीच्या आयाळीत बांधावरचं गोखरू अडकलं होतं, ते एकेक काढू लागली. घोडी सारखी डोकं झटकत होती.

"उजमाचे अब्बा, धरा की हिला."

"मला तिचं तोंड बघायचं नाय," म्हणत त्याने तिच्या तोंडावरची मोहरकी धरली.

कानाशी अडकलेलं गोखरू काढताना खुर्शीदाचं बोट नूरीच्या कानात खोल गेलं आणि थबकलं. हळूहळू ओढत तिने बाहेर काढला तो कापसाचा बोळा, पिवळा पडलेला, हिरव्या चिंधीत गुंडाळलेला. चिंधी तिच्या जुन्या ओढणीची होती. दुसऱ्या कानातूनही तसाच निघाला.

"कापूस मी घालतो," फारुख म्हणाला. "मांडवापाशी, डीजे सुरू व्हायच्या आधी. कायम मीच घालतो. अन् शेवटच्या वरातीनंतर आठवणीनं काढलाय."

"तुमचा काढला तुम्ही." खुर्शीदाने दोन्ही बोळे तळहातावर ठेवले. "त्या दिवशी बँड आपल्या दारापासूनच वाजत निघणार होता. म्हणून सजवतानाच घातला मी. सांगायचं राहिलं."

फारुखने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. त्या दिवशी त्याचा कापूस नीट बसेना, म्हणून याच अंगठ्याने त्याने तो दाबून दाबून बसवला होता, आतल्या बोळ्यासकट. तेव्हापासून मागून येणारं काहीच नूरीला कळत नव्हतं. ट्रॅक्टर काय, शेळी काय, सगळं एकदम अंगावर आल्यासारखं दिसत होतं. मग ती पळणार नाही तर काय करणार?

रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला. नूरीचे दोन्ही कान एकदम तिकडे वळले, पण ती जागची हलली नाही.

फारुख बाहेर गेला. टेम्पोवाल्याने चार शब्द सुनावले, ते त्याने ऐकून घेतले आणि गाडी परत पाठवली. मग येऊन तो घोडीसमोर उभा राहिला.

"बोला की तिच्याशी काहीतरी," खुर्शीदा म्हणाली.

नूरीने एक कान त्याच्याकडे केला. आठवडाभर एकसारखं चाललेलं फारुखचं तोंड आता काही केल्या उघडेना.