चिंधूचा निळा दगड

कमलाने चिंच-मिठाचा गोळा दगडावर थापला आणि काथ्याने जोर लावून घासायला घेतलं. दगड फसफसला. निळसर पाणी मोरीत वाहू लागलं, तसा तिला आणखी हुरूप आला. दहा वाजता तिची लेक नंदिनी हिच्या कॉलेजातले सर दगड न्यायला सिंदी मेघेला घरी येणार होते, आणि दुसऱ्याच्या हाती वस्तू मळकी द्यायची नाही, ही तिची रीत.

दगड चिंधूचा, कमलाच्या नवऱ्याचा. तो अठरा वर्षं एमपीतल्या तांब्याच्या खाणीत ठेकेदाराकडे राबला आणि छातीत धूळ भरून मेला. असा माणूस आपल्याकडे नव्हताच, असं ठेकेदाराने तोंड वर करून सांगितलं. हजेरीपटावर नावच नव्हतं. राबायला चालतो तो माणूस मेल्यावर कुणाचाच नसतो, हे कमलाला तेव्हा कळलं. उरला तो हा मुठीएवढा गर्द निळा दगड. आता तो कॉलेजच्या संग्रहालयात काचेआड राहणार होता, खाली चिठ्ठीवर चिंधूचं नाव. कुठेतरी एकदा ते छापलेलं दिसावं, एवढंच तिला हवं होतं.

"आई! हे काय करून राह्यली तू?"

नंदिनीने दगड हिसकावून घेतला. मखमलीसारखी चमकणारी बाजू पार मेली होती. जागोजाग खालचा राखाडी खडक उघडा पडला होता.

"तूच म्हणली ना, तांब्यावर पाणी अन् हवा बसून बसून निळा झाला म्हून? हंड्यावर नाई चढत का तसा कळंक? म्या म्हटलं, घासलं तं खालून तांबं चमकन."

"अवं, तो निळाच तं दगड होता! हजारो वर्षं लागली त्याले. सारा धुऊन टाकला तू. अडाणी कुठली!"

बोलली आणि नंदिनीला स्वतःचीच लाज वाटली. दगडाची जन्मकथा तिने आईला मोठ्या तोऱ्यात सांगितली होती, पण आंबट लागलं की तो विरघळतो, हे सांगायचं तिला सुचलं नव्हतं. कमला मोरी धूत राहिली.

प्रा. अश्विन देवतळे दहाच्या ठोक्याला आले. "जयभीम, ताई," म्हणत खुर्चीवर बसले. आपल्यातलाच माणूस, म्हणून कमलाला जरा धीर आला. त्यांनी दगड दोनदा फिरवून पाहिला आणि टेबलावर ठेवून दिला.

"हा आता ठेवता येणार नाही. मी चिठ्ठीसुद्धा छापून आणली होती."

"मंग ते चिठ्ठी तरी द्या, सर. त्यायच्या फोटोखाली लावतो."

"आता कशाला, ताई," सर म्हणाले. पण कमलाचा हात पुढेच होता. त्यांना खिशातून चिठ्ठी काढावी लागली.

कमला चौथी शिकलेली. बोट ठेवून, अक्षराला अक्षर जुळवत तिने वाचलं. निळे ताम्रखनिज. ठिकाण, मध्य प्रदेश. संग्राहक, प्रा. अश्विन देवतळे. तिने चिठ्ठी उलटून पाहिली. मागची बाजू कोरी होती.

"पद्धतच आहे तशी. जो नोंद करतो, त्याचं नाव लागतं," सर म्हणाले.

नंदिनीची मान खाली गेली. कमलाने चिठ्ठीची नीट घडी घातली आणि सरांच्या हातात परत दिली.

"चहा पिऊन जाजा, सर," ती म्हणाली. मग लेकीकडे वळली.

"रडू नको, नंदे. बरं झालं घासला."