भागूबाई घरी नव्हती

निरवांगी गावात कुणाच्या डोळ्यात कुसळ गेलं, की माणूस थेट भागूबाईचं दार गाठायचा. ती दोन बोटांनी पापणी उलटायची, जिभेच्या शेंड्यानं कण अलगद टिपायची आणि वर चहा पाजायची.

यंदा उसाचं पाचट काढताना वाळक्या पानाचं टोक तिच्याच उजव्या डोळ्यात शिरलं. डोळा दाबून ती बांधावर आली आणि मुलाला, रविराजला म्हणाली, "गाडी काढ. बारामतीला, डोळ्याच्या डॉक्टरकडं." निघताना सुनेला बजावलं, कुणी विचारलं तर पाव्हण्यांकडं गेलीय म्हणून सांग.

डॉक्टरांनी त्याच दुपारी बुबुळाला टाके घातले. भलतेच खूश झाले. शहरातला माणूस तासाभरात येतो, खेड्यातला चौथ्या दिवशी, आणि तोवर डोळ्यात नाही नाही ते घालून झालेलं असतं, कुणीकुणी तर जीभसुद्धा लावतात, असं सांगत त्यांनी विचारलं, "मावशी, लगेच यायचं तुम्हाला कुणी शिकवलं?"

भागूबाईनं पदर पट्टीवरून खाली ओढून घेतला.

तिसऱ्या दिवशी घरी आली, तर ओट्यावर गावातला जोतीराम बसलेला. ट्रॅक्टरची पिन ठोकताना लोखंडाची कपची उडून डोळ्यात गेली होती, ती भागूबाई गेली त्याच दिवशी. पाव्हण्यांकडून आज येईल, उद्या येईल म्हणत तो रोज सकाळी येऊन बसत होता. डोळा सुजून बंद झालेला, कडेनं पू येत होता. भागूबाईनं पापणीला हातसुद्धा लावला नाही. रविराजला गाडीवरून उतरूही दिलं नाही; जोतीरामाला तसंच मागं बसवून बारामतीला धाडलं. पण उशीर झाला होता. डॉक्टरांना डोळा काढावा लागला.

महिन्याभरानं ती त्याला भेटायला गेली. तिला रात्र रात्र झोप लागत नव्हती. सगळं सांगून टाकलं.

"जोतीरामा, मी पाव्हण्यांकडं न्हवते रं. सवताचा डोळा घिऊन डॉक्टरकडं पळाले हुते. मी घरी असते तरी तुझा डोळा गेलाच असता."

जोतीराम हसला. मावशीचा स्वभावच असा, स्वतःकडं मोठेपणा घ्यायचा नाही.

तेव्हापासून तो चावडीवर भेटेल त्याला सांगतो, "नशीब माझं. भागूमावशी त्या दिवशी घरी असती, तर माझा डोळा वाचला असता." आणि डोळा चोळत कुणी दिसला, की हाताला धरून तिच्या दारात आणून सोडतो.