तिसऱ्या पत्रातली मनाई

इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या आमच्या छोट्या म्युझियममध्ये स्पॅनिश वसाहतींतल्या चांदीच्या खाणींवर प्रदर्शन भरतंय. जेझुइट पाद्र्यांच्या जुन्या पत्रांचं भाषांतर मी केलंय, म्हणून फलकाखाली माझं नाव आहे. वरचा मजकूर मात्र अपूर्वचा, तो इथल्या विद्यापीठात इतिहासात पीएचडी करतो. ‘जेझुइटांनी कधीही खाणी चालवल्या नाहीत.’

“हे कशावरून रे?” मी विचारलं.

“काकू, वरिष्ठांचं पत्र आहे ना. खाणींत पडायचं नाही, स्पष्ट मनाई.”

“ते पहिलं पत्र. तीच मनाई पुढे आणखी दोनदा आलीये. आपल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये ‘चपला बाहेर काढा’ ही पाटी तीनदा का लावली आपण? सगळे अनवाणी येत होते म्हणून?”

तो हसला. “मग खाणी चालवल्याच, असं लिहू?”

“तेही नको. कोणी, किती, ते या पत्रांतून कळत नाही. तेवढंच लिही. पण ‘कधीही नाही’? त्या खाणींत जबरदस्तीने उतरवलेल्या माणसांच्या तोंडावर?”

“काकू, घरबसल्या स्पॅनिश शिकलात, कौतुकच आहे. पण पुराव्याचं आमच्यावर सोडा.”

माझी कानशिलं तापली. दर गुरुवारी याला मी पोहे खायला घालते!

“उरलेली दोन पत्रं वाचलीस?”

त्याने पहिल्याच पत्राची प्रत पुढे सरकवली.

“माझं नाव काढ त्या फलकावरून. उद्घाटनाला मी शेजारी उभी राहणार आणि येईल त्याला तिसरं पत्र वाचून दाखवणार.”

“काकू, प्लीज, सीन नको.”

“खुर्ची ओढ. आधी तुलाच ऐकवते.”