नाथानं निवळलेली बाटली

कळव्याच्या खाडीकाठी नाथाला विचारल्याशिवाय मिठागराची एक उघाडी, म्हणजे पाणी अडवायची फळी, वर होत नाही, असं सगळे म्हणत. सगळे म्हणजे नाथा स्वतः. बाकीचे नुसतं हसत. पण हसणाऱ्यांनाही एक कबूल होतं, पाण्यातलं या म्हाताऱ्याला कळतं. साठी उलटली, कंबर गेली, फावडं सुटलं, तरी हंगामात शेठची माणसं त्याला बांधावर नेऊन बसवत. तो बोट बुडवी, जिभेला लावी आणि सांगे, "अजून दोन दिस थांबा." आणि दोन दिवस थांबलं की मीठ असं पडे की बघत राहावं.

"पाण्याला हात लावायचा नाय," हे त्याचं ठरलेलं बोलणं. "ढवळलं का ते खोटं बोलतं. निवांत ठेवा. गाळ खाली जातो, खरं काय ते वर राहतं."

"मग तू पण जरा निवांत बस," त्याची बायको आवडाबाई म्हणे. "तुजं खरं काय ते आमाला पण दिसू दे."

नवऱ्याला अरे-तुरे करणारी बाई म्हणून ठाण्याच्या पांढरपेशा बायका तिला नावं ठेवत. तिला त्याची फिकीर नव्हती. या जोडप्याचा चाळीस वर्षांचा संसार असाच चालला होता, तो बोलायचा आणि ती टोचायची. आणि गेली दोन-तीन वर्षं टोचायला तिला एक जोडीदारीण मिळाली होती. नात गोदा, सात वर्षांची.

सन चोपन्नचा फाल्गुन. मिठाचा भर हंगाम. गोदाचा बाप रघु भाईंदरला मिठाच्या आगरात कामाला होता, होळी करून गेला तो महिन्याने येणार होता. आई सगुणा दिव्याला माहेरी बाळंतपणाला. जाताना रघु म्हणाला होता, "बाबा, पोरीवर ध्यान ठेवा." नाथा म्हणाला, "मना सांगतोस?"

आणि तिसऱ्याच दिवशी पोर तापली.

पहिले सहा दिवस आवडाबाईनं काढे दिले, कुणी सांगितलं म्हणून दृष्ट काढली. ताप रोज पायरी पायरीनं वर चढला. सातव्या दिवशी गोदानं आजाला टोचणं बंद केलं. तो मुद्दाम तिच्यासमोर धोतराचा सोगा उलटा खोचून उभा राहिला, पण पोर काही बोलली नाही. तेव्हा मात्र त्याचं काळीज हललं. पोरीला खांद्यावर घेऊन तो पूल ओलांडून ठाण्याला गेला.

डॉक्टर प्रधानांनी पोट दाबलं, जीभ पाहिली, म्हणाले, "विषमज्वर. मुदतीचा ताप. पाच वर्षांपूर्वी आणली असतीस तर देवाचं नाव घे म्हटलं असतं. आता औषध आलंय."

कंपाउंडर प्रभाकरनं पांढऱ्या भुकटीच्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत भरलं, बूच लावलं, दोनदा खळखळवलं आणि नाथाच्या हातात दिली. "चहाचे दोन चमचे, दिवसातून चार वेळा. गार जागेत ठेवायची. चला, पुढचा कोण?"

एवढंच. आता बाटलीवर कागद चिकटवलेला होता आणि त्यावर बारीक अक्षरात बरंच काही लिहिलेलं होतं, नाही असं नाही. पण ते इंग्रजीत. इंग्रज जाऊन सात वर्षं झाली होती. जाताना ते बाटल्या मात्र आपल्याच भाषेत सोडून गेले. आणि आमच्या शिकलेल्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण त्यांना वाचता येत होतं.

घरी आल्यावर आवडाबाईनं बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवली. दिवेलागणीला नाथानं ती उचलली आणि उजेडासमोर धरली. वर स्वच्छ पाणी. तळाला बोटभर पांढरा थर.

नाथा हसला. जाणता माणूस जसा हसतो तसा. "बघितलंस? एवढा डाक्टर, पर पाणी निवळायची अक्कल नाय. गाळासकट दिलंय."

"मग आता?"

"मग काय? आपण हावोत ना."

त्यानं बाटली अशी अलगद तिरकी केली की तळातला थर हलला नाही. अहो, काय हात होता! मिठागरातल्या पहिल्या तळ्यातून दुसऱ्या तळ्यात पाणी सोडताना वापरायचा तो हात. दोन चमचे नितळ पाणी त्यानं पोरीला पाजलं. आवडाबाईला धमकी दिली, "बाटलीला धक्का लावशील तर बघ." रोज चार वेळा, एक वेळ न चुकवता, चाळीस वर्षांचं सगळं कसब पणाला लावून या माणसानं आपल्या नातीला तीन दिवस गोड पाणी पाजलं.

ताप उतरला नाही. चौथ्या दिवशी सकाळी गोदाचे ओठ फुटले होते आणि ती डोळे उघडे ठेवून आढ्याकडे बघत होती. आजा जवळ बसला तरी नजर वळली नाही.

"दिव्याला निरोप धाडू?" आवडाबाईनं विचारलं.

"नको. ओली बाळंतीण हाय ती. आणि रघुला काय सांगू? मी होतो म्हणून सांगू?" नाथा उठून उभा राहिला. मग राग आला त्याला. राग आला की तो काही तरी फेकत असे. त्यानं बाटली घेतली. वरचं पाणी संपलं होतं, खाली नुसता पांढरा लगदा उरला होता. "खोटं औषध दिलं भडव्यानं. हे बघ, निम्मी बाटली गाळ!" तो दाराबाहेर ओतायला निघाला.

"थांब," आवडाबाई म्हणाली. "आगरात मीठ कुठं पडतं रं?"

"काय?"

"मी इचारते, मीठ कुठं पडतं? पाण्याच्या वर तरंगतं का तळाला बसतं?"

"येडी झालीस काय? तळाला."

"आणि वर राहतं त्या पाण्याचं तू काय करतोस?"

 वर राहतं ते पाणी खाडीत सोडून देतात. आगरी घरातल्या चार वर्षांच्या पोराला माहीत असतं. गाळ खाली बसतो ते पहिल्या तळ्यात, शेवटच्या वाफ्यात खाली बसतं ते मीठ. म्हातारा पहिल्या तळ्यातच अडकला होता.

तो दारातून मागे फिरला. हातातली बाटली त्यानं जपून धरली होती. मग एकदम वाटी आणली. "दे, आता दे. सगळं दे. तीन दिसांचं एकदम भरून काढू."

आवडाबाईनं त्याचं मनगट धरलं. "आगर कोरडा पडला म्हणून आख्खी खाडी सोडतोस काय रं आत? पोरीच्या पोटाला काय होईल तुला ठावं हाय? मना पण नाय. ज्याला ठावं हाय त्याला इचार. जा."

"काय सांगू जाऊन?"

"जे केलंस ते."

"चारचौघांत?"

"मग एकांतात पोर मारतोस का?"

अशी बाई घरात असली की देवळात जायची गरज उरत नाही.

दवाखान्यात नेमकी गर्दी. बाकावर कळव्याचाच आनंदा पायाला चिंधी बांधून बसलेला. नाथा आत शिरला, बाटली टेबलावर ठेवली आणि खालमानेनं सगळं सांगितलं. वरचं पाजलं, खालचं ठेवलं. आधी कुणालाच कळेना. मग कळलं आणि आनंदा खो-खो हसत सुटला. "नाथा, औषधाचं मीठ पिकवलंस काय रं? किती मण निघालं?"

प्रभाकर कंपाउंडर चिडला. "म्हाताऱ्या, हलवून द्यायचं असतं ते! बाटलीवर लिहिलंय ना एवढं मोठं!"

"काय लिहिलंय?"

"शेक वेल. नीट हलवा."

"नीट हलवा असं लिहिलंय का शेक वेल असं लिहिलंय?"

प्रभाकरनं बाटली फिरवून कागद परत पाहिला.

"मना मराठी पण वाचता येत नाय," नाथा म्हणाला. आता त्यानं मान वर केली होती. "पर मराठी असतं तर मास्तरला दाखवलं असतं, पोष्टमनला दाखवलं असतं. शेक वेल कोनाला दाखवू? स्टेशन मास्तरला? तोंडानं सांगायला तुमाला काय जड झालं होतं? चुकलो मी. माजी अक्कल शेण खायला गेली. पर तुमी पण तोंड उघडलं नाय."

बाकावरचं हसू थांबलं. डॉक्टर प्रधान दारात येऊन ऐकत होते. त्यांनी बाटली उजेडात धरली, तळाचा थर पाहिला.

"हे उरलेलं दिलं नाहीस ना?"

"नाय. बायकोनं हात धरला."

"शहाणी बाई. चार दिवसांचं औषध एका घोटात गेलं असतं. हे फेकून द्यायचं. प्रभाकर, नवी बाटली." मग ते स्वतः सांगत बसले, एकेक बोट दुमडत. दर वेळी बाटली उलटी-सुलटी करून नीट हलवायची, तळाचा थर सगळा मिसळेपर्यंत. चमचा चहाचाच, घरातला पळा नाही. एक वेळ चुकली तर आठवेल तेव्हा द्यायची, पण दोन वेळचं एकदम कधी नाही. "आणि चार-पाच दिवसांत ताप उतरेल. उतरला की तुला वाटेल झालं. नाही झालं. चौदा दिवस म्हणजे चौदा दिवस. बाटली संपली की पुढची न्यायची. मध्येच सोडलंस तर ताप परत येतो."

नाथानं सगळं परत म्हणून दाखवलं. डॉक्टरांनी प्रभाकरला हाक मारली आणि त्या बाटलीवर ठळक मराठीत लिहायला लावलं. प्रभाकरनं लिहिलं. अक्षर वाईट होतं, पण मराठी होतं.

नव्या बाटलीच्या पाचव्या दिवशी गोदाला घाम फुटला आणि अंग गार लागलं. आवडाबाई भिंतीकडे तोंड करून रडली. सातव्या दिवशी पोरीनं पेज मागितली. आठव्या दिवशी आजाकडे बघून म्हणाली, "आजा, तुजी धोती सुटली."

सुटली नव्हती. पण नाथानं ती दोनदा खोचली. डोळे पुसायला निमित्त हवं होतं.

आता नवीन पंचाईत झाली. ताप नाही, मग औषध कशाला? गोदानं दात आवळले. गूळ दाखवला, बाहुलीचं आमिष दाखवलं, काही उपयोग नाही. नाथाच्या मनातसुद्धा येऊन गेलं, की पोर टुणटुणीत दिसतेय, कशाला छळा. पण स्वतःच्या मनावरचा त्याचा भरवसा नुकताच उडाला होता.

"आजीनं सांगितलं, तू येडेपणा केलास," गोदा म्हणाली. "तू सांग. सगळं सांग. मग पिते."

"एकदा सांगितलं का पिशील?"

"दर चमच्याला."

असा तह झाला. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला, निजताना नाथा बाटली घुसळी आणि स्वतःच्या मूर्खपणाची कहाणी पहिल्यापासून सांगे. गोदा मध्ये दुरुस्त्या करी. "आनंदाकाका आधी हसला, तू मागनं बोललास." "किती मण म्हणाला ते राहिलं." एकदा त्यानं आवडाबाईचा मिठाचा प्रश्न गाळून तो आपणच आपल्याला पडला असं सांगून पाहिलं. पोरीनं तोंड मिटलं ते त्यानं खरं सांगितल्यावरच उघडलं.

तेराव्या दिवशी दुपारी ती गोष्ट चालू असताना दारात सावली पडली. रघु होता, खांद्यावर पिशवी, पायाला भाईंदरचं मीठ. आगरात त्याला कुणी तरी पोर आजारी असल्याचं सांगितलं होतं. तो आत आला, खाली बसला, पोरीच्या कपाळावर हात ठेवला. गार होतं.

"काय झालं होतं बाबा?"

सांगायला सोपं होतं. ताप आला, औषध दिलं, उतरला. आवडाबाई चुलीपाशी होती, तिनं लाकूड आत सारलं. ती काही बोलणार नव्हती, हे त्याला कळलं.

गोदा एक चमचा प्यायली होती. दुसरा तिच्या तोंडासमोर आजाच्या हातात तसाच अधांतरी होता, आणि तिरका होत चालला होता.

"सांडेल आजा," ती म्हणाली. "सांग ना पुढं. तू बाटली निवळलीस, तिथपर्यंत आलं होतं."

रघुनं बापाकडे पाहिलं. "कसली बाटली?"

नाथानं चमचा पोरीच्या तोंडात रिता केला, चमचा खाली ठेवला आणि रघुकडे तोंड करून बसला.

"पहिल्यापासून सांगतो," तो म्हणाला. "मधी हसू नको."